मिठाचा हिशेब

"मीठ पिकवाचं आमी, ना इकत घेवाचं पन आमीच."

शिरवणे गावठाणातल्या एका घराच्या ओटीवर बसून आजी सांगत होत्या. गोष्ट त्यांची स्वतःची नव्हती, सासूकडून ऐकलेली. मी गेले होते ते श्रावणबाळ योजनेचे पैसे वेळेवर जमा होतात का, एवढंच विचारायला. तेवढ्यात नातू दुकानातून मिठाची पिशवी घेऊन आला, आजींनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, आणि बोलणं मिठावर गेलं.

आज शिरवणे म्हटलं की लोकांना जुईनगर स्टेशन आठवतं, सायन-पनवेल महामार्गावरची रखडलेली वाहतूक आठवते, नाहीतर एमआयडीसीतल्या पाळ्या. गावठाण या सगळ्याच्या मध्ये दाटीवाटीनं उभं आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी गेली. त्याआधी बेलापूर पट्टीचं जगणं तीन गोष्टींवर चालायचं: भातशेती, खाडीतली मासळी आणि मिठागरं. मिठाचा तो 'आगर', त्यावर राबणारा तो आगरी. जातीच्या नावातच मीठ असलेल्या माणसांना मीठ महाग का पडावं, हा आजींच्या सासूचा प्रश्न होता. त्याचं उत्तर खाडीत नव्हतं, फौजेत होतं.

इंग्रजांनी १८८५ मध्ये उत्तर ब्रह्मदेशावर स्वारी केली आणि मंडाले घेतलं. राज्य जिंकायला थोडे दिवस लागले, ते ताब्यात ठेवायला पुढची कित्येक वर्षं फौज अडकून पडली. त्यातच रुपयाचा भाव घसरत होता, त्यामुळे इंग्लंडला पौंडांत भरायची रक्कम फुगत होती. तूट भरून काढायची म्हणून जानेवारी १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला. खाडीकाठच्या मिठागरात फावडं ओढणाऱ्याला मंडाले कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मंडालेतल्या पलटणीचा खर्च मात्र त्याच्या पेजेत उतरला होता.

सरकारनं फौजेवर किती घालवावं आणि लोकांच्या पोटापाण्यावर, शाळेवर, म्हातारपणावर किती, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक देशाला पडलेला आहे. त्याची उत्तरं बहुधा टक्केवारीत दिली जातात. आजींच्या ओटीवरून निघाले तेव्हा मला वाटलं की आपण तो मिठापासून मोजायला हवा. कारण महाराष्ट्रात हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला गेला तो मिठावरूनच, आणि मांडणारा माणूस कोकणातल्या कोतळूकचा होता.

गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले तेव्हा त्यांचं वय जेमतेम तीस-एकतीस होतं. हिंदुस्थानच्या खर्चाचा बोजा इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात कसा वाटला जावा, हे ठरवणारा तो आयोग. गोखल्यांच्या साक्षीतला एक मुद्दा लष्कराचा होता. हिंदी फौज अबिसीनियात गेली, इजिप्तमध्ये गेली, सुदानच्या सुआकिनला गेली. या मोहिमांशी इथल्या शेतकऱ्याचा काडीचा संबंध नव्हता, तरी त्या शिपायांचा नेहमीचा पगार इथल्याच तिजोरीतून जात होता. संरक्षणासाठी फौज लागते हे गोखल्यांनी कधी नाकारलं नाही. ही फौज कुणाच्या संरक्षणासाठी आणि पैसे कुणाचे, एवढंच ते विचारत होते. माझ्या मते या विषयावर विचारायचा पहिला प्रश्न आजही तोच आहे.

मग आलं २६ मार्च १९०२. कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात गोखल्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण. सरकार काही कोटींची शिल्लक दाखवत होतं आणि स्वतःची पाठ थोपटून घेत होतं. देश भीषण दुष्काळातून आणि प्लेगातून जात होता. गोखल्यांनी दाखवून दिलं की ही शिल्लक भरभराटीतून आलेली नाही. कर गरजेपेक्षा जास्त बसवले आहेत आणि रुपयाचा दर कृत्रिमरीत्या चढा ठेवला आहे, म्हणून ती दिसते. उपाशी घरातून उचललेल्या पैशाला शिल्लक म्हणू नये, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मिठावरचा कर कमी करा, शाळांवर खर्च करा, लष्कराचा खर्च आवरा, या मागण्या त्यांनी आकड्यांनिशी मांडल्या.

या आकड्यांमागे आणखी एक माणूस होता, त्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळेतले मुख्याध्यापक, न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पुस्तकं, जकातीची कोष्टकं ते वर्षानुवर्षं वाचत आणि टिपणं काढत. अंदाजपत्रकाचे दिवस आले की गोखले त्यांची मदत मागत. एक शाळामास्तर साम्राज्याच्या फौजेचा हिशेब तपासत बसलेला आहे, हे चित्र मला विलक्षण वाटतं. आणि हेही लक्षात घ्यायला हवं की गोखल्यांना त्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारच नव्हता. १८९२ च्या कायद्यानं फक्त बोलण्याची मुभा दिली होती.

तरीही बोलण्याचा परिणाम झाला. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर, १९०७ मध्ये एक रुपयावर. चार वर्षांत अडीचचा एक. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला, हे गोखल्यांनी पुढच्या भाषणांत दाखवून दिलं. म्हणजे लोक आधी मीठसुद्धा कमी खात होते.

शाळेच्या बाबतीत मात्र ते हरले. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी अतिशय बेताची होती. ज्या गावांत, शहरांत ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात, तिथल्या स्थानिक संस्थेला वाटलं तर तिनं सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्ती करावी. खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारनं उचलावा, एक-तृतीयांश स्थानिक संस्थेनं. सयाजीरावांच्या बडोद्यात १९०६ पासून हे संस्थानभर लागू होतं, त्यामुळे ते अशक्य आहे असं म्हणायची सोय नव्हती. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. पैशाची अडचण हे विरोधातलं एक कारण होतं. पुढे पाचच वर्षांत, १९१७ मध्ये, याच देशाच्या नावावर इंग्लंडच्या युद्धासाठी दहा कोटी पौंडांची 'भेट' लिहिली गेली. पैसा नव्हता असं नाही. शाळेसाठी तो नव्हता. सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क कायद्यानं लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडलं, गोखल्यांच्या विधेयकानंतर ९९ वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतर फौज आपली झाली, कर आपले झाले. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो सर्वांत रोखठोक विचारला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला त्यांचं निवेदन वृत्तपत्रांकडे गेलं. हिंदू कोड बिलामुळे ते लोकांच्या लक्षात आहे. त्यातला परराष्ट्र धोरणाचा भाग कमी वाचला जातो. वर्षाला सुमारे ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी आपण लष्करावर खर्च करतो, असं त्यांनी त्यात नोंदवलं, आणि त्याचं मूळ परराष्ट्र धोरणात शोधलं: वेळ आली तर मदतीला येईल असा मित्रच आपण ठेवलेला नाही. म्हणजे फौजेचं बिल बराकीत तयार होत नाही, ते आधी मुत्सद्देगिरीच्या टेबलावर तयार होतं. शेजाऱ्याशी न सुटलेलं भांडण दरवर्षी अंदाजपत्रकात व्याज मागतं. सैन्यावरचा खर्च कमी करा असं नुसतं म्हणणाऱ्यांनीही आणि वाढवा असं नुसतं म्हणणाऱ्यांनीही हा मुद्दा आजवर टाळलेला आहे.

त्यानंतर अकरा वर्षांनी चीनचं युद्ध झालं आणि पराभवानंतर यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावून घेतलं गेलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्या पिढ्यांनी निबंधांत लिहिलं. त्यासाठी पैसा कुठून आला हे निबंधांत नसायचं. १९६२-६३ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ३७६ कोटी होते. १९६३-६४ मध्ये ८६७ कोटी. एका वर्षात दुपटीहून जास्त. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. त्यांनी कर वाढवले, सक्तीची बचत ठेव आणली आणि जानेवारी १९६३ पासून सुवर्ण नियंत्रण लागू केलं: नवा दागिना १४ कॅरटहून शुद्ध सोन्याचा घडवायचा नाही. चौदा कॅरटचं मंगळसूत्र कुणाला नको होतं. सोनारांच्या भट्ट्या विझल्या आणि पिढीजात कारागिरांवर दुसरा धंदा शोधायची वेळ आली. पराभवानंतर सैन्य उभं करणं आवश्यकच होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या सैन्याची किंमत मोजणाऱ्यांत हे सोनारही होते आणि त्यांचं नाव कुठल्याही स्मारकावर नाही. सुवर्ण नियंत्रणाचा कायदा अखेर रद्द झाला तो १९९० मध्ये, मधु दंडवते अर्थमंत्री असताना.

चव्हाणांच्या वाट्याला तराजूचं दुसरं पारडंही आलं. १९७० ते १९७४ ते अर्थमंत्री होते. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पोस्टकार्डं आणि वृत्तपत्रं सोडून सगळ्या टपालावर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट लावावं लागे. गावाकडे पाकिटातून खुशाली कळवणारा प्रत्येक माणूस ते पाच पैसे भरत होता. डिसेंबरमध्ये युद्ध झालं, जिंकलं. ३ जून १९७२ रोजी माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'आयएनएस निलगिरी' ही फ्रिगेट नौदलात दाखल झाली. आणि त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रावर पाऊस रुसला.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. सुकडी, लाल मिलो आणि खडी फोडणाऱ्या बाया या आठवणी घरोघर आहेत. मला सांगायचं आहे ते त्याच्या पैशाबद्दल. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. कुठल्याही फौजेहून मोठी ही फौज पाटीफावडं घेऊन रस्ते आणि पाझर तलाव खोदत होती. दिल्लीत चव्हाणांनी १९७३-७४ चं अंदाजपत्रक मांडलं त्यात ५५० कोटींची तूट होती. 'काळं अंदाजपत्रक' हे नाव त्याला तेव्हापासून चिकटलं आहे. नुकतं जिंकलेलं युद्ध आणि चालू दुष्काळ, दोन्ही एकाच खात्यावर पडले होते.

महाराष्ट्रानं या वेळी जे केलं ते मला गेल्या सव्वाशे वर्षांतलं सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये जो प्रयोग करून पाहिला होता, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम. हमी कागदावर राहू नये म्हणून तिच्यासाठी वेगळा पैसा शोधला गेला. १९७५ चा व्यवसाय कर त्यासाठीच आला: शहरातल्या पगारदाराकडून थोडं घ्यायचं, राज्यानं तेवढीच भर घालायची आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कर कशासाठी हे आधी सांगितलं, मग मागितला. मिठाच्या कराच्या बरोबर उलट.

आज शिरवण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या बहुतेकांच्या पगाराच्या पावत्या पाहा. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, वर्षाला अडीच हजार, 'पीटी' म्हणून कापले जातात. आजींच्या नातवाच्या पावतीवरही ते होते. हे कशाचे, त्याला माहीत नव्हतं. त्याच्या कंपनीत कुणालाच माहीत नसावं.

दोनशेचा हा आकडा मला आजींच्या पासबुकातही भेटला. म्हणजे तिथे १५०० ची नोंद असते. महाराष्ट्र सरकार श्रावणबाळ योजनेत तेवढे देतं. पण ज्यांची नावं केंद्राच्या यादीत आहेत, त्यांच्या या १५०० मध्ये दिल्लीचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत २०० रुपयेच असतो. ही रक्कम २००७ पासून बदललेली नाही. त्या वर्षी २०० रुपयांत जे येत होतं ते आज येत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

आता २०२५-२६ चं केंद्रीय अंदाजपत्रक घ्या. संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये, एकूण खर्चाच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. पण या रकमेला 'तोफा आणि विमानं' समजणं चूक आहे. त्यातले १ लाख ६० हजार ७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत, नवी शस्त्रं-जहाजं आणि इतर भांडवली खर्च मिळून १ लाख ८० हजार कोटी. म्हणजे निवृत्त सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या जगण्यावरचा खर्च जवळजवळ नव्या शस्त्रांवरच्या खर्चाइतकाच आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला जाऊन आलेल्या कुणालाही हे समजेल. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. कोरडवाहू जमिनीच्या अशा गावांत फौजेची नोकरी आणि पेन्शन हीच पिढ्यान्पिढ्या समाजकल्याणाची योजना राहिली आहे. २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, चार वर्षांनंतर चारातल्या एकालाच कायम ठेवण्याची तरतूद झाली, त्या वेळी या गावांतून जी घालमेल झाली तिचं मूळ इथे आहे.

याच अंदाजपत्रकात देशभरातल्या गरीब वृद्ध, विधवा, अपंगांच्या केंद्रीय साहाय्यासाठी ९,६५२ कोटी आहेत. सैनिकांचं पेन्शन सुमारे ३४ लाख लोकांचं, हे साहाय्य त्याच्या कितीतरी पट लोकांचं. हे शेजारी ठेवताना मला सैनिकाचं काही काढून घ्यायचं नाही. सियाचीनला उभं राहिलेल्या माणसाला म्हातारपणी सन्मानानं जगता आलंच पाहिजे. माझं म्हणणं वेगळं आहे. सैनिकाचा हक्क मोजायला यंत्रणा आहे. दर काही वर्षांनी वेतन आयोग बसतो. २०१५ मध्ये माजी सैनिक जंतरमंतरवर बसले आणि 'एक पद, एक निवृत्तिवेतन' मिळालं. दर पाच वर्षांनी फेरनिश्चितीची तरतूदही झाली. आजींच्या २०० रुपयांची फेरनिश्चिती करायला कुठलाही आयोग नाही. तराजू फौजेकडे झुकला की गरिबाकडे, हे विचारण्याआधी एका पारड्यावर काटा बसवलेला आहे आणि दुसऱ्यावर नाही, हे पाहायला हवं.

अंगणवाडी पाहा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात पहिली धारावी आणि मेळघाटातली धारणी. पन्नास वर्षं झाली. सेविका अजून सरकारी कर्मचारी नाही. तिला पगार नसतो, मानधन असतं. केंद्रानं त्या मानधनाचा आकडा शेवटचा वाढवला ऑक्टोबर २०१८ मध्ये, साडेचार हजारांवर. वरची भर राज्य घालतं. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविकांनी पन्नासहून अधिक दिवस संप केला. ग्रॅच्युइटीचा त्यांना हक्क आहे, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं.

राज्याला सैन्य नसतं, म्हणून हा प्रश्न दिल्लीचा आहे असं आपण मानतो. तसं राहिलेलं नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या कार्यकक्षेत २०१९ मध्ये संरक्षणासाठी वेगळा निधी करावा का, हा प्रश्न घातला गेला, आणि आयोगानं २०२१ ते २०२६ साठी २ लाख ३८ हजार ३५४ कोटींचा, वर्षअखेरीस न बुडणारा निधी सुचवला. राज्यांना वाटल्या जाणाऱ्या रकमेवर, म्हणजेच दवाखाने, शाळा, अंगणवाड्या जिच्यावर चालतात त्या रकमेवर, याचा काय परिणाम होईल ही चर्चा आर्थिक वृत्तपत्रांच्या आतल्या पानांपुरती राहिली. सीमा सगळ्यांची आहे, तेव्हा राज्यांनीही भार उचलावा, यात तथ्य आहे. मात्र तसं असेल तर विधानसभेतही त्यावर बोललं जावं.

जगभर आता हे पारडं वेगानं हलतं आहे. ब्रिटननं फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण वाढवण्यासाठी गरीब देशांना दिली जाणारी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचं जाहीर केलं. इथून घेतलं, तिथं घातलं, इतकं उघड. निदान सभागृहात उभं राहून सांगितलं. आपल्याकडे २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेनं सुमारे ४५ लाख कोटींचं अंदाजपत्रक गदारोळात, चर्चेविना मंजूर केलं. संरक्षणही त्यात, अंगणवाडीही त्यात. गोखल्यांना मत नव्हतं आणि ते ओळ न् ओळ वाचून बोलले. आपल्या प्रतिनिधींना मत आहे. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

१५ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांनी मुंबईच्या नौदल गोदीत तीन युद्धनौका नौदलात दाखल केल्या. त्यातल्या एकीचं नाव पुन्हा 'निलगिरी'. तीही माझगाव डॉकचीच. त्याच दिवशी पंतप्रधान खारघरलाही आले होते. आजींच्या नातवानं मोबाइलवर जहाजांची चित्रं पाहिली होती आणि त्याला अभिमान वाटला होता. मलाही वाटला होता.

त्याच्या पगाराच्या पावतीवरचे २०० रुपये कशाचे, ते मी त्याला सांगितलं: बहात्तरचा दुष्काळ, पागे, रोजगार हमी. तो ऐकत होता, पण मान वर केली आजींनी.

"बहात्तर सालचं मना म्हायत हाय," त्या म्हणाल्या. त्या वर्षी देशावरून माणसं आली होती, इथल्या डोंगराच्या खाणींत दगड फोडायला. बाया पोरांना पाठीशी बांधून खडी फोडायच्या आणि संध्याकाळी गावात यायच्या. पाणी मागायच्या. भाकरीबरोबर खायला चिमूटभर मीठ मागायच्या.

"मिठाला कवा नाय बोललो नाय," आजी म्हणाल्या, आणि पिशवी फोडून बरणी भरायला उठल्या.